डोळ्यात चुना गेल्यास काय करावे? आम्ल, आम्लारी आणि पीएच समजून घ्या

शिरपूर असो की एखादे खेडे, तंबाखूसोबत चुन्याची पुडी किंवा डबी अनेक घरांत असते. ती दाबताना किंवा मुले तिच्याशी खेळताना चुना उडून डोळ्यात जाऊ शकतो. ही किरकोळ बाब नाही. यामुळे कायमचे अंधत्व येऊ शकते.

पीएच म्हणजे काय?
पदार्थ किती आम्लधर्मी किंवा आम्लारीधर्मी (अल्कली) आहे, हे सांगणारी ही मोजपट्टी आहे. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी ती १९०९ मध्ये मांडली. ती साधारणपणे ० ते १४ अशी असते. शुद्ध पाण्याचा पीएच ७ म्हणजे उदासीन. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी.

- लिंबाचा रस: सुमारे २
- रक्त: ७.३५ ते ७.४५
- अंगाचा साबण: साधारण ९ ते १०
- ओला चुना: १२ पेक्षा जास्त

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, तो साबण आम्लारी असल्यामुळे. हळदीला चुना लावून कुंकू होते, तेही याच कारणाने.

या पट्टीवर प्रत्येक अंकाला दहापट फरक पडतो. अश्रूंचा पीएच सुमारे ७.४ असतो. म्हणजे अश्रू आणि चुना यांत सुमारे ५ अंकांचे, म्हणजेच जवळपास १ लाख पटींचे अंतर आहे.

आम्लारी जास्त घातक का?
आम्लामुळे बुबुळावरील प्रथिने गोठतात आणि आम्ल आत जायला काहीसा अडथळा होतो. आम्लारी मात्र पेशींतील चरबी विरघळवत खोलवर जाते. चुन्याचे कण पापणीखाली अडकले, तर इजा होतच राहते.

लगेच काय करावे?
- डॉक्टरकडे निघण्यापूर्वी जागेवरच डोळा धुवा. नळाचे किंवा पिण्याचे स्वच्छ पाणी चालेल.
- पापण्या उघड्या धरून किमान ३० मिनिटे पाणी सोडत राहा.
- दिसणारे कण ओल्या कापसाने अलगद काढा.
- त्यानंतर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. वाटेतही डोळा धूत राहा.

काय करू नये?
- डोळा चोळू नका.
- लिंबू, दूध, तूप, मध किंवा गुलाबपाणी घालू नका. आम्लाने आम्लारी 'मारायला' गेलात, तर उष्णता निर्माण होते, आम्लाचीही इजा होते आणि मोलाचा वेळ जातो.
- दुखणे थांबले म्हणून घरी बसू नका. खोल इजेत वेदना कमीही होऊ शकते.

संडास साफ करायचे ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा डोळ्यात गेला तरी हेच करा. कोणी ते प्यायले असेल, तर उलटी करायला लावू नका. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा.

चुन्याची पुडी मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.