केडगाव, जून १९०५: प्रार्थनेतला आवाज कोणाचा?

१/ २९ जून १९०५. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव. तेथील मुक्ती मिशनच्या वसतिगृहात पहाट होण्यापूर्वी एक मुलगी जागी झाली आणि आपल्या अंगावर आग उतरत असल्याचे सांगू लागली. सोबतची मुलगी घाबरून पाण्याची बादली आणण्यास धावली. पाणी ओतणार तोच तिच्या ध्यानात आले, की जाळ कोठेच नाही.

२/ ही हकीकत मिशनमधील अमेरिकन कार्यकर्त्या मिनी अब्राम्स यांनी लिहून ठेवली. पुढे ती जगभरच्या ख्रिस्ती वर्तुळांत वाचली गेली. मराठीत मात्र पंडिता रमाबाईंची ओळख बहुधा शारदा सदन आणि त्यावरून पेटलेला वाद एवढ्यापाशीच थांबते. त्यानंतरच्या केडगावच्या सुमारे पंचवीस वर्षांपैकी ही पहाट तर जवळजवळ विस्मृतीतच गेली आहे.

३/ प्रथम पार्श्वभूमी. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पन्नासाव्या दिवसाच्या सणाचा प्रसंग येतो. येशूचे शिष्य एकत्र जमलेले असताना अग्नीच्या जिभांसारखे काही त्यांच्यावर उतरले आणि ते अन्य भाषांत बोलू लागले, असे त्यात सांगितले आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात ज्ञानाचे वचन, रोग बरे करणे, संदेश देणे, अन्य भाषा बोलणे, त्यांचा अर्थ सांगणे अशी पवित्र आत्म्याची नऊ दाने मोजलेली आहेत.

४/ ही दाने प्रेषितांच्या काळापुरतीच होती, असे पुढील अनेक शतके बहुतेक प्रॉटेस्टंट धर्मपंडित मानत आले. विसाव्या शतकाच्या आरंभी काही गटांनी हे मत नाकारले आणि ती दाने आजही मिळतात असा दावा केला. त्यातून पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. तिचा प्रारंभ सामान्यतः लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर, एप्रिल १९०६ मध्ये, विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या सभांपासून सांगितला जातो.

५/ केडगावची ती पहाट याच्या सुमारे दहा महिने आधीची आहे.

६/ केडगावात तेव्हा कोण राहत होते? १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून उपाशी मुली व तरुण विधवा घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या. वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, शाळा या साऱ्यांचा भार स्त्रियाच वाहत होत्या.

७/ दुष्काळ म्हणजे काय, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण हे तिघेही तीर्थयात्रा करीत फिरत असताना उपासमारीतच गेले. पुढे भावासह पायी भटकत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

८/ १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी एक महत्त्वाचा भेद केला आहे: बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त भेटला तो त्यानंतर आठ वर्षांनी. धर्ममत बुद्धीला पटणे वेगळे आणि त्याचा अनुभव येणे वेगळे, हा भेद वारकरी संतांच्या वाचकाला नवा वाटणार नाही.

९/ १८९८ मध्ये इंग्लंडातील केझिक येथील मेळाव्यात त्यांनी भारतीय ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा यासाठी प्रार्थना करण्याची विनंती केली. ऑस्ट्रेलियात जागृतीच्या सभा होत असल्याचे समजल्यावर कन्या मनोरमाबाई आणि अब्राम्स यांना त्यांनी तिकडे पाठविले. १९०४ च्या अखेरीस वेल्समध्ये इव्हान रॉबर्ट्स या तरुणाभोवती मोठी जागृती सुरू झाली. १९०५ च्या पूर्वार्धात तिची लाट वेल्श मिशनऱ्यांच्या द्वारे खासी टेकड्यांपर्यंत आली.

१०/ जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी केडगावात विशेष प्रार्थनामंडळ सुरू केले. आरंभी सुमारे सत्तर जणी होत्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. म्हणजे २९ जूनची घटना आकस्मिक नव्हती. तिच्यामागे सहा महिन्यांची रोजची तयारी आणि अपेक्षा होती.

११/ दुसऱ्या दिवशी, ३० जून रोजी, रमाबाई मुलींना योहानाच्या शुभवर्तमानातील आठवा अध्याय शिकवीत होत्या. अकस्मात मुली मोठ्याने रडू लागल्या, आपापली पापे बोलून दाखवू लागल्या, साऱ्या एकाच वेळी प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना शिकवणे थांबवावे लागले. ज्या विदुषीने कलकत्त्याच्या पंडितसभेला जिंकले होते, ती त्या आवाजापुढे गप्प राहिली. मुलींना गप्प बसविण्याचा अधिकार तिच्यापाशी होता; तो तिने वापरला नाही.

१२/ पुढील काही महिने हाच क्रम चालला. पश्चात्ताप, जळल्यासारखी वेदना, मग हलकेपण, हसणे, गाणे. अब्राम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली. अग्नी प्रथम शुद्ध करतो आणि नंतर सेवेचे बळ देतो, असा तिचा मथितार्थ. त्यानुसार मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत प्रार्थना व उपदेश करण्यास जाऊ लागल्या. ज्यांच्याकडे कुटुंबाने पाठ फिरविली होती, त्या गावकऱ्यांसमोर उभ्या राहून बोलू लागल्या.

१३/ १९०६ च्या अखेरीस केडगावात ‘अन्य भाषा’ ऐकू येऊ लागल्या. तोवर अमेरिकेतील बातम्या येथे पोहोचल्या होत्या. दौंडचे मिशनरी अल्बर्ट नॉर्टन यांनी लिहिले, की प्रार्थनेच्या खोलीत आपल्या शेजारची एक स्त्री स्पष्ट इंग्रजीत प्रार्थना करीत होती आणि तिला इंग्रजी येत नव्हते.

१४/ येथे इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. नॉर्टन प्रामाणिक होते याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्या संस्थेत परदेशी कार्यकर्त्या राहत होत्या, तेथे इंग्रजी मुलींच्या कानांवर पडत नव्हती असे म्हणता येत नाही. चमत्कार घडला की नाही, याचा निवाडा करण्याचे साधन इतिहासाजवळ नाही. काय घडल्याचे कोणी सांगितले, कोणाला सांगितले आणि त्यातून पुढे काय घडले, हे मात्र त्याला तपासता येते.

१५/ टीका तेव्हाही झाली. अनेक मिशनऱ्यांना हा सारा गोंगाट उन्मादाचा प्रकार वाटला. काहींनी तर त्यात सैतानाचा हात पाहिला. रमाबाईंनी १९०७ मध्ये ‘मुक्ती प्रेअर बेल’ या आपल्या इंग्रजी पत्रातून उत्तर दिले. त्यांचा रोख सरळ होता: इतर देशांतील ख्रिस्ती लोकांत आत्म्याला जे स्वातंत्र्य आहे, ते भारतीय ख्रिस्ती लोकांत का नसावे? इंग्रजी-अमेरिकन सभ्यतेच्या मापात न बसणारे सर्व काही सैतानाचेच का मानावे?

१६/ या उत्तराचे वजन समजण्यासाठी १८९३ आठवावे. मुलींना ख्रिस्ती करण्यात येत असल्याच्या आरोपावरून शारदा सदनावर ‘केसरी’ने झोड उठविली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्याही आधी वाँटेजच्या अँग्लिकन मंडळींशी त्यांचे चर्चच्या अधिकारावरून खटके उडाले होते. आपल्या लोकांनी दूर केलेली ही स्त्री परक्यांच्या शिस्तीतही पूर्णपणे मावली नाही. १९०७ चे उत्तर त्याच स्वभावातून आले.

१७/ तत्त्वाच्या बाबतीतही त्यांनी स्वतःचा मार्ग धरला. अमेरिकेतील चार्ल्स पारहॅम यांच्या शिकवणुकीनुसार अन्य भाषा बोलणे हाच आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा पुरावा होता. रमाबाईंनी भाषादान मान्य केले. पण प्रत्येकाला ते मिळालेच पाहिजे, हा आग्रह धरला नाही. त्यांच्या दृष्टीने प्रेम आणि सेवा यांत दिसणारा पालट अधिक मोलाचा होता. पौलानेही करिंथकरांना नेमके हेच बजावले होते.

१८/ केडगावचा प्रभाव कोठवर गेला? अझुसा स्ट्रीटच्या ‘अपोस्टोलिक फेथ’ या पत्राने १९०६ मध्येच भारतातील घटनांची बातमी दिली. अब्राम्स यांनी आपली पुस्तिका चिलीतील वाल्पराइसो येथे धाडली. तेथील मेथडिस्ट पाळक विलिस हूव्हर यांच्या पत्नी या त्यांच्या शिकागोतील जुन्या सहाध्यायी होत्या. १९०९ मध्ये त्या मंडळीत जागृती झाली आणि पुढच्याच वर्षी हूव्हर मेथडिस्ट मिशनपासून वेगळे झाले. चिलीतील पेंटेकॉस्टल चळवळ तेथून सुरू होते. तिनेही भाषादानाला एकमेव पुरावा मानले नाही.

१९/ म्हणून आज अनेक इतिहासकार या चळवळीचा उगम एकाच शहरात शोधत नाहीत. वेल्स, खासी टेकड्या, केडगाव, लॉस एंजेलिस, वाल्पराइसो ही एकमेकांना पत्रांनी, पुस्तिकांनी आणि प्रवाशांनी जोडलेली केंद्रे होती. बातमी दोन्ही दिशांनी वाहत होती. केडगाव हे त्यात केवळ बातमी घेणारे टोक नव्हते.

२०/ तरीही एक अवघड प्रश्न उरतो. या मुली संस्थेच्या अन्नावर जगत होत्या. बहुतेकींना परत जाण्यास घर नव्हते. ज्यांनी जीव वाचविला, त्यांची अपेक्षा काय आहे हे त्यांना ठाऊक होते. अशा स्थितीत पापाची कबुली आणि अंगावरची आग यांत किती स्वेच्छा आणि किती वातावरणाचा दाब, हे वेगळे काढणे कठीण आहे. रमाबाईंविषयीच्या आदरापोटी हा प्रश्न टाळणे योग्य नाही.

२१/ याची दुसरी बाजूही आहे. दुष्काळात आईबाप गमावलेल्या, वैधव्याचा दोष कपाळी घेऊन जगणाऱ्या मुलींना मोठ्याने रडण्याची जागा गावात कोठे होती? विधवेने आवाज चढविणे हाच जिथे अपराध होता, तिथे शेकडो मुली एकाच वेळी स्वतःच्या तोंडाने देवाशी बोलू लागल्या, मध्ये पुरोहित नाही, पाळकही नाही. ‘अंगात येणे’ हा शब्द येथे महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात येईल. त्या मुलींना ही तुलना कदाचित मान्य झाली नसती. पण एरवी मूक असलेल्या स्त्रीचे बोलणे अशा वेळी ऐकून घेतले जाते, एवढे साम्य नाकारता येत नाही.

२२/ साधनांची मर्यादाही इथेच जाणवते. या घटनांचे प्रमुख वृत्तान्त इंग्रजीत आहेत, परदेशी मिशनऱ्यांनी परदेशी वाचकांसाठी लिहिलेले. मुलींचे शब्द आपल्यापर्यंत येतात ते इतरांच्या लेखणीतून. ज्या रात्री एका मुलीला स्वतःचा आवाज सापडला असे सांगितले जाते, त्या रात्रीचे तिचे स्वतःचे वाक्य मात्र अनुवादातच उरते.

२३/ याच वर्षांत रमाबाई आणखी एका कामात गढलेल्या होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत चालविले. प्रचलित भाषांतरातील मराठी त्यांना संस्कृतप्रचुर आणि सामान्य स्त्रियांना दुर्बोध वाटत होती. छपाई केडगावच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. १९२४ मध्ये पूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला.

२४/ ही दोन कामे एकत्र पाहिली, की १९०५ चा अर्थ अधिक उलगडतो. संस्कृत मुखोद्गत असलेल्या पंडितेने एकीकडे अडाणी मुलींच्या रडण्याला प्रार्थना म्हणून मान दिला. दुसरीकडे त्यांना समजेल असे मराठी घडविण्यात आपली सारी विद्या खर्च केली. समाजसुधारक रमाबाई आणि प्रार्थना करणाऱ्या रमाबाई अशी विभागणी आपण करतो. केडगावात त्या एकच होत्या.