बंदूक जप्तीविरुद्धची दाद (इंग्लंड व वेल्स)

बंदूक जप्तीविरुद्धची दाद म्हणजे पोलिसांनी ताब्यात घेतलेली पुरातन, प्रतिकृती अथवा क्रीडोपयोगी बंदूक परत मिळवण्यासाठी मालकाने अवलंबिलेला कायदेशीर मार्ग होय. इंग्लंड व वेल्समध्ये या वादांचा आधार प्रामुख्याने १९६८ चा अग्निशस्त्र कायदा (फायरआर्म्स ॲक्ट) हा आहे. वरवर पाहता हा मालमत्तेचा वाद वाटतो. परंतु मालक जिला शोभेची वस्तू समजतो तीच वस्तू न्यायालयाने निषिद्ध शस्त्र ठरवल्यास त्याला कारावास भोगावा लागू शकतो. निषिद्ध पिस्तूल बाळगणाऱ्या प्रौढास, अपवादात्मक परिस्थिती नसल्यास, किमान पाच वर्षांची शिक्षा देणे न्यायालयावर बंधनकारक आहे.

पुरातन शस्त्राची व्याख्या

१९६८ च्या कायद्याच्या कलम ५८(२) नुसार केवळ कुतूहलाची वा शोभेची वस्तू म्हणून बाळगलेल्या पुरातन अग्निशस्त्राला परवान्याच्या तरतुदी लागू होत नाहीत. मात्र ‘पुरातन’ म्हणजे किती जुने, हे त्या कायद्याने सांगितले नव्हते. ही उणीव जवळजवळ अर्धे शतक तशीच राहिली आणि तिचा भार न्यायालयांवर व संग्राहकांवर पडला.

रिचर्ड्स विरुद्ध कर्वेन (१९७७) या खटल्यात, एखादे शस्त्र पुरातन आहे की नाही हा वस्तुस्थितीचा प्रश्न असून तो खालच्या न्यायालयाने पुराव्यावरून ठरवावा, असे सांगण्यात आले. पुढे बेनेट विरुद्ध ब्राउन (१९८०) या निकालाने विसाव्या शतकात बनलेल्या शस्त्राला पुरातन म्हणता येणार नाही, अशी भूमिका घेतली. गृह मंत्रालयाने आपल्या मार्गदर्शिकेत कालबाह्य काडतुसांची यादी दिली होती. ज्या बंदुकीचे काडतूस बाजारात मिळत नाही ती निरुपद्रवी, असा त्यामागील तर्क होता. पण काडतूस हाताने बनवता येते. २०१७ साली बर्मिंगहॅमच्या न्यायालयाने एका परवानाधारक विक्रेत्याला तीस वर्षांची शिक्षा सुनावली. जुनी रिव्हॉल्व्हरे आणि त्यांना जुळणारी स्वतः तयार केलेली काडतुसे त्याने गुन्हेगारी टोळ्यांपर्यंत पोहोचवली होती.

२०१७ च्या पोलीस व गुन्हेविषयक कायद्याने व्याख्येचा मार्ग मोकळा केला आणि त्याखालील नियम २२ मार्च २०२१ रोजी अमलात आले. आता शस्त्र १ सप्टेंबर १९३९ पूर्वी बनलेले असावे लागते. शिवाय त्याचे काडतूस कालबाह्य यादीत असावे किंवा बार पेटवण्याची पद्धत ठासणीच्या बंदुकीसारखी जुनी असावी लागते. याच वेळी सात प्रकारची काडतुसे यादीतून वगळण्यात आली. कालपर्यंत भिंतीवर टांगलेले रिव्हॉल्व्हर त्यामुळे एका अधिसूचनेने परवान्याच्या कक्षेत आले. मालकांना २२ सप्टेंबर २०२१ पर्यंत मुदत मिळाली. तोवर परवान्यासाठी अर्ज करणे, शस्त्र विकणे, निकामी करून घेणे किंवा पोलिसांच्या स्वाधीन करणे हे पर्याय त्यांच्यापुढे होते.

वय सिद्ध झाले तरी हेतूचा प्रश्न उरतो. पुरातन शस्त्र झाडण्याच्या इराद्याने ठेवले असेल तर सवलत मिळत नाही. शस्त्राशेजारी त्याला चालणारी काडतुसे सापडल्यास ‘केवळ शोभेसाठी’ हा बचाव फारसा टिकत नाही.

प्रतिकृती

जुन्या बंदुकीची नव्याने घडवलेली, बार उडवू शकणारी प्रतिकृती दिसायला कितीही जुनी असली तरी कायद्याच्या दृष्टीने नवीनच असते. आर विरुद्ध हॉवेल्स (१९७७) या खटल्यातील आरोपीजवळ कोल्ट पद्धतीचे ठासणीचे रिव्हॉल्व्हर होते आणि ते अस्सल जुने आहे असा त्याचा प्रामाणिक समज होता. तपासणीत ती आधुनिक प्रतिकृती निघाली. प्रामाणिक व सकारण गैरसमज हाही बचाव होऊ शकत नाही, असे अपील न्यायालयाने ठरवले. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबणाऱ्या संग्राहकाच्या दृष्टीने हा निकाल कठोरच म्हणावा लागेल.

बार न उडवणाऱ्या प्रतिकृतींची गोष्ट वेगळी आहे. २००६ च्या हिंसक गुन्हे न्यूनीकरण कायद्याने हुबेहूब खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुका बनवणे, विकणे व आयात करणे यांवर बंदी घातली. पण घरात बाळगण्यावर नाही. संग्रहालये, नाटक-चित्रपट आणि ऐतिहासिक प्रसंगांची पुनर्रचना यांना सवलत आहे. ज्या प्रतिकृतीचे रूप १८७० पूर्वीच्या रचनेचे असल्याचे ओळखू येते, ती या बंदीत मोडत नाही. सार्वजनिक ठिकाणी सबळ कारणाशिवाय नकली बंदूक बाळगणे मात्र गुन्हा आहे. सहज खऱ्या शस्त्रात रूपांतरित होऊ शकणारी प्रतिकृती १९८२ च्या कायद्यानुसार खरे शस्त्रच मानली जाते. तथापि तसे रूपांतर शक्य असल्याचे ठाऊक नव्हते व संशयालाही कारण नव्हते, हा बचाव तेथे मान्य आहे. हॉवेल्सला जे नाकारले गेले ते येथे विधिमंडळाने दिले.

क्रीडोपयोगी बंदुका

नेमबाजी वा शिकारीच्या बंदुका परवान्यावर असतात. त्यामुळे येथे वाद वस्तूच्या स्वरूपाचा नसून व्यक्तीच्या पात्रतेचा असतो. सार्वजनिक सुरक्षिततेस धोका वाटल्यास जिल्ह्याचा मुख्य पोलीस अधिकारी परवाना रद्द करू शकतो आणि १९८८ च्या दुरुस्ती कायद्याच्या कलम १२ नुसार बंदुका व काडतुसे तत्काळ जमा करण्याची लेखी नोटीस देऊ शकतो. परवाना रद्द झाल्यास कलम ४४ खाली एकवीस दिवसांत क्राउन न्यायालयात अपील करता येते. न्यायालय प्रकरणाचा गुणवत्तेवर नव्याने विचार करते. पोलिसांचा निर्णय झाला त्या वेळी उपलब्ध नसलेला पुरावाही ते पाहू शकते, आणि ऐकीव माहितीही पुराव्यात घेता येते, हे कॅव्हना खटल्यात (१९७४) स्पष्ट झाले. अपील यशस्वी झाल्यास बंदुका परत मिळतात. फेटाळले गेल्यास त्यांच्या विल्हेवाटीचा आदेश निघू शकतो.

व्यवहारात अडचण येते ती ‘स्वेच्छेने जमा’ केलेल्या बंदुकांची. कौटुंबिक भांडण वा आजारपणानंतर पोलीस बंदुका सुपूर्द करण्यास सुचवतात आणि मालक तयार होतो. परवाना रद्द झालेला नसल्याने अपील करण्याजोगा निर्णयच अस्तित्वात नसतो.

परत करण्याचा निर्णय चुकला तर काय होते, हे प्लिमथ शहरातील कीहॅम येथे दिसून आले. एका तरुणाची शॉटगन व परवाना डिसेंबर २०२० मध्ये मारहाणीच्या प्रकरणावरून पोलिसांनी घेतला आणि जुलै २०२१ मध्ये परत केला. १२ ऑगस्ट २०२१ रोजी त्याने पाच जणांना ठार केले व नंतर स्वतःचा जीव घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पोलिसांसाठी बंधनकारक स्वरूपाची मार्गदर्शिका लागू झाली. अर्जदाराची वैद्यकीय माहिती घेणे तिच्यामुळे आवश्यक ठरले.

वस्तू परत मिळवण्याचे मार्ग

खटला भरलाच गेला नाही किंवा आरोपी निर्दोष सुटला, तर १८९७ च्या पोलीस (मालमत्ता) कायद्याखाली दंडाधिकारी न्यायालयात अर्ज करता येतो. मालकीचा गुंतागुंतीचा प्रश्न असल्यास दिवाणी दावा अधिक योग्य समजला जातो. दुसऱ्या बाजूने, जप्त शस्त्र नष्ट करण्याचा आदेश कलम ५२ खाली पोलीसही मागू शकतात. एकदा बंदूक भट्टीत गेली की भरपाई मिळाली तरी दीडशे वर्षांची कारागिरी परत येत नाही. म्हणून जाणकार संग्राहक जप्तीच्या वेळीच क्रमांक, खुणा व छायाचित्रांसह तपशीलवार पावती मागतात.

भारतातील स्थिती

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५(क) मधून नव्हे, तर त्याच कलमाच्या खंड (ग) मधून कालबाह्य घडणीच्या, पुरातन मूल्य असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट मिळते. दुरुस्ती करून वा न करताही बंदूक म्हणून वापरता न येणारे, अशी अट त्याच वाक्यात जोडलेली आहे. ती तिन्ही प्रकारांना लागू आहे की फक्त नादुरुस्त शस्त्रांना, हे वाक्यरचनेवरून चटकन उलगडत नाही. ठासणीची बंदूक येथे आपोआप पुरातन ठरत नाही. पीकसंरक्षणासाठी तिचा परवाना देण्याची तरतूद कलम १३ मध्येच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, त्यात वारशाने आलेल्या बंदुकाही मोजल्या जातात. परवाना रद्द वा निलंबित झाल्यास कलम १८ खाली अपील करता येते. फौजदारी प्रकरणात जप्त झालेल्या शस्त्राच्या ताब्यासाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ व ५०३ खाली अर्ज केला जातो.