इंग्रजीची भाऊबंदकी

राज्य शासनाच्या सेवेत माझी बत्तीस वर्षे गेली. त्यांतील बराच काळ विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरे तयार करण्यात गेला. उत्तर तयार झाले, त्याच्या प्रती निघाल्या आणि मंत्रिमहोदयांनी ते सदनाच्या पटलावर ठेवले, की आमच्या शाखेत चहा होत असे. ‘पटलावर ठेवणे’ म्हणजे कागद सभागृहासमोर आणणे, हा अर्थ माझ्या हाडीमांसी इतका खिळलेला होता, की त्याला दुसरा काही अर्थ असू शकेल अशी शंका कधी मनाला शिवली नाही.

काही वर्षांपूर्वी न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाच्याचा दूरध्वनी आला. तो म्हणाला, “मामा, वर्षभर खपून तयार केलेला आमचा प्रस्ताव कालच्या बैठकीत टेबल झाला.” मी मनापासून अभिनंदन केले, पेढ्यांचीही आठवण करून दिली. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग तो जरा खिन्नपणे म्हणाला, “अहो मामा, टेबल झाला म्हणजे गुंडाळून ठेवला. आता त्याला कोणी हात लावणार नाही.”

एकच शब्द, एकच भाषा, आणि अर्थ मात्र नेमका उलटा! इंग्रजांनी आपल्याला दिलेला ‘टेबल’ कागद पुढे आणतो आणि अमेरिकेतील ‘टेबल’ तोच कागद बाजूला सारतो. माझी फजिती घरगुती होती, म्हणून पेढ्यांवर निभावली. पण याच शब्दाने दुसऱ्या महायुद्धात बड्याबड्यांना घाम फोडला होता. ब्रिटिश आणि अमेरिकी सेनाधिकाऱ्यांच्या एका संयुक्त बैठकीत ब्रिटिशांनी एक निवेदन तयार केले व ते तातडीचे असल्याने ‘टेबल’ करावे असा आग्रह धरला. अमेरिकी मंडळी म्हणाली, विषय फार महत्त्वाचा आहे, तो मुळीच ‘टेबल’ करता कामा नये. दोन्ही पक्षांना एकच गोष्ट हवी होती, तरी लांबलचक आणि कडवट वादावादी झाली. ही हकिकत चर्चिल यांनी आपल्या महायुद्धाच्या इतिहासात नोंदवून ठेवली आहे. चर्चिल यांच्या मातोश्री अमेरिकी होत्या, तेव्हा या भाऊबंदकीची त्यांना घरातूनच ओळख असावी.

भाऊबंदकी हाच शब्द येथे योग्य, कारण वाद परक्यांचा नाही, वाटणीनंतरचा आहे. इंग्रजीच्या घरात ही वाटणी मागणारा पहिला मोठा माणूस म्हणजे नोहा वेब्स्टर. जन्म १७५८, कनेक्टिकटमध्ये; पेशाने शिक्षक आणि वकील. अमेरिका राजकीयदृष्ट्या स्वतंत्र झाली, पण शाळांतील पुस्तके लंडनची आणि शब्दांचा न्यायनिवाडा डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशाचा, हे या गृहस्थाला खुपत होते. १७८३ साली, म्हणजे पॅरिसच्या तहाने इंग्लंडने स्वातंत्र्य मान्य केले त्याच वर्षी, त्याने मुलांसाठी शुद्धलेखनाचे पुस्तक काढले. निळ्या पुठ्ठ्याचे हे पुस्तक पुढे पिढ्यानपिढ्या अमेरिकी मुलांच्या हाती राहिले. सहा वर्षांनी, १७८९ मध्ये, त्याने आपला विचार उघड मांडला: स्वतंत्र राष्ट्राची लेखनपद्धतीही स्वतंत्र हवी. त्याची कारणे मोठी व्यवहारी होती. न उच्चारली जाणारी अक्षरे गाळली तर लेखनातील अक्षरांचा सोळावा किंवा अठरावा हिस्सा वाचेल, म्हणजे कागद वाचेल. शिवाय दोन्ही देशांचे लेखन वेगळे झाले, की अमेरिकी पुस्तके अमेरिकेतच छापावी लागतील. स्वाभिमान, काटकसर आणि छापखान्यांना काम, अशी तिहेरी मात्रा होती ती. अर्थखात्यात नोकरी केलेल्या माणसाला तिचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

त्यातूनच ‘कलर’ आणि ‘ऑनर’ या शब्दांतील ‘यू’ गळाला आणि ‘सेंटर’च्या शेवटच्या दोन अक्षरांनी जागा बदलल्या. मात्र वेब्स्टरचे सगळेच सुधार लोकांनी मानले असे नाही. जिभेला इंग्रजीत जो शब्द आहे तो त्याने ‘टी, यू, एन, जी’ असा चार अक्षरांत बसवला होता; स्त्रियांसाठी असलेल्या शब्दाचे लेखन ‘डब्ल्यू, आय, एम, एम, ई, एन’ असे सुचवले होते. उच्चाराशी दोन्ही प्रामाणिक, पण लोक हसले आणि विसरले. १८२८ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्याने सुमारे ७०,००० शब्दांचा अमेरिकी इंग्रजीचा कोश दोन खंडांत प्रसिद्ध केला. गंमत अशी की इंग्लंडपासून भाषा वेगळी काढण्याच्या या महाग्रंथाचे शेवटचे पान त्याने १८२५ मध्ये इंग्लंडातच, केंब्रिजमध्ये बसून लिहिले; संदर्भग्रंथांसाठी तेथे जाणे त्याला भाग पडले होते. पहिल्या आवृत्तीच्या २,५०० प्रती निघाल्या, किंमत वीस डॉलर. इतकी किंमत मोजणारे थोडेच होते. दुसऱ्या आवृत्तीसाठी म्हाताऱ्याने घर गहाण टाकले आणि १८४३ मध्ये तो वारला. कोशाचे हक्क मेरियम बंधूंनी घेतले. पैसा पुढे त्यांनी मिळवला. कोशकारांच्या नशिबी बहुधा हेच असते, मग ते कोणत्याही भाषेचे असोत.

वेब्स्टरने जे पुस्तकातून केले ते सरकारी हुकमाने करू पाहणारे अध्यक्षही अमेरिकेला लाभले. १९०६ साली अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशावर लेखन सोपे करण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले व त्याने ३०० शब्दांची यादी काढली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना ती इतकी आवडली, की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी सरकारी मुद्रणालयाला हुकूम सोडला: यापुढे छपाई या यादीप्रमाणे करावी. वास्तविक यादीतील कितीतरी रूपे अमेरिकेत आधीपासूनच रूढ होती. तरीही वर्तमानपत्रांनी टोप्या उडवल्या, सर्वोच्च न्यायालय जुन्या लेखनाला चिकटून राहिले आणि डिसेंबरात प्रतिनिधीगृहाने विरोधी ठराव केला. रूझवेल्ट यांनी हुकूम मागे घेतला. खासगी पत्रांत मात्र आपण नवेच लेखन करू, असे त्यांनी ठरवले. परिपत्रक मागे घ्यावे लागले तरी आपल्या टिपणीत जुनाच हट्ट चालू ठेवणारे वरिष्ठ मीही पाहिले आहेत.

इतर भाऊबंदांचीही हीच तऱ्हा. कॅनडा शेजारी राहून अमेरिकेच्या वळणावर जाईल या धास्तीने १८९० मध्ये तेथील सरकारने आदेश काढला, की शासकीय कागदपत्रांत ‘यू’ राखावा. आज कॅनडात ‘कलर’मध्ये ‘यू’ असतो, पण गाडीचे ‘टायर’ अमेरिकी पद्धतीने ‘आय’ घालून लिहितात. ऑस्ट्रेलियात तर त्याहून मौज. तेथे सर्वसाधारण लेखन ब्रिटिश. श्रम या अर्थाच्या शब्दात ‘यू’ हवाच. मात्र तेथील मजूर पक्षाने १९१२ मध्ये आपल्या नावातील ‘यू’ काढून टाकला, अमेरिकी कामगार चळवळीच्या प्रभावाने. त्यामुळे तेथे श्रम करताना ‘यू’ लागतो, मत देताना लागत नाही.

आता इंग्रज माणूस अमेरिकी इंग्रजीला नाके मुरडतो, ते सारेच न्याय्य असते का? मुळीच नाही. पानगळीच्या ऋतूला अमेरिकी लोक ‘फॉल’ म्हणतात, हा शब्द इंग्लंडात सोळाव्या शतकात होता. इंग्रजांनी टाकला, अमेरिकेने जपला. ‘गॉटन’ हे रूपही तसेच जुने. ‘सॉकर’ हा शब्द ऐकताच इंग्रज आज कपाळाला आठ्या घालतो, पण तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनीच ‘असोसिएशन’ या शब्दातून घडवला. ॲल्युमिनियमचे तर विचारूच नका. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानेच १८१२ मध्ये त्याला ‘ॲल्युमिनम’ म्हटले होते. लॅटिनच्या कानाला बरे वाटावे म्हणून त्याच्या देशबांधवांनी त्यात ‘इ’कार घुसवला. म्हणजे अमेरिकी माणूस चुकतो ते नाव देणाऱ्याच्याच शब्दावर विश्वास ठेवून! मापाचेही तसेच. अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा, कारण तो १७०७ चा, राणी ॲनच्या काळातील मद्याचा गॅलन आहे. इंग्लंडने १८२४ मध्ये नवा, ४.५४६ लिटरचा गॅलन काढला. दूर गेलेली शाखा जुने सांभाळते आणि मूळ घर मात्र बदलत राहते, हा अनुभव आपल्या वाचकांना नवा नसावा.

संख्येचा गोंधळ अधिक गंभीर. ‘बिलियन’ म्हणजे अमेरिकेत एक अब्ज, शंभर कोटी. इंग्लंडात मात्र दशलक्षाची दशलक्षपट, म्हणजे एक लाख कोटी. डिसेंबर १९७४ मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी पार्लमेंटमध्ये लेखी उत्तर देऊन सांगितले, की यापुढे सरकारी आकडेवारीत अमेरिकी अर्थच धरला जाईल. एका उत्तरासरशी बिलियन हजारपटींनी आटला. आपल्याकडे लाख-कोटी आहेत, त्यामुळे या संकटातून आपण वाचलो.

शब्दांच्या या खेळाला एकदा रक्ताचा डाग लागला, तो प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९४२ मध्ये इंग्लंडात येणाऱ्या अमेरिकी सैनिकांना त्यांच्या युद्धखात्याने एक पुस्तिका दिली होती. कोणता शब्द इंग्रजांना असभ्य वाटेल, हेही तीत सांगितलेले होते. पण शब्द सांगता येतात, स्वभाव सांगता येत नाही. एप्रिल १९५१ मध्ये कोरियात इमजिन नदीवर ग्लॉस्टरशर पलटण चिनी सैन्याच्या वेढ्यात सापडली. ब्रिटिश ब्रिगेड अमेरिकी डिव्हिजनच्या हुकमतीखाली होती. ब्रिगेडियर टॉम ब्रोडी यांनी अमेरिकी जनरल सोल यांना कळवले, की परिस्थिती ‘जरा चिकट’ आहे. इंग्रजाच्या तोंडी याचा अर्थ ‘आता बचाव नाही’ असा होतो. जनरलसाहेबांनी शब्दशः घेतले: जरा अवघड आहे, पण निभावत आहेत. पलटणीला जागेवरच राहण्याचा हुकूम मिळाला, अशी हकिकत सांगितली जाते. पराभवाला इतरही कारणे होती. सुटकेचे प्रयत्न झाले आणि फसले. तरी २३५ क्रमांकाच्या त्या टेकडीवर पलटण जवळजवळ संपली, पाचशेहून अधिक जवान कैद झाले. त्यांचे कर्नल कार्न यांना पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इंग्रजी दोघांनाही येत होती. बोलताना दोघांनाही दुभाष्याची गरज वाटली नाही, आणि घात झाला तो त्यामुळेच.

हे सारे वाचताना मला आमच्या इंदूरच्या घरातील एक गोष्ट आठवते. आजोबा होळकर संस्थानच्या महसूल खात्यात होते. त्यांचे मराठी लेखन अखेरपर्यंत जुन्या वळणाचे: ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘केलें’, प्रत्येक जागी अनुस्वार. १९६२ मध्ये महाराष्ट्रात लेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आम्ही राज्याबाहेरचे, आमच्यापर्यंत ते वारे उशिरा पोहोचले. पुण्याला आजोबांचे पुतणे राहत. त्यांची मुलगी तेव्हा बारा वर्षांची, नव्या नियमांत तरबेज. आजोबांच्या एका पत्रातील सगळे अनुस्वार तिने लाल पेन्सिलीने खोडले, समासात एकूण संख्या लिहिली आणि ते पत्र गमतीने परत पाठवले. आजोबा पत्राकडे बराच वेळ पाहत बसले. बोलले काहीच नाहीत.

पुढचे पत्र त्यांनी मोडीत लिहिले. लपेटीदार, दरबारी मोडी, जिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा आणि अनुस्वाराचा हिशेब कोणी विचारत नाही. पुण्यातील शाळांतून मोडी एव्हाना गेली होती. काकांनी लहानपणी थोडी गिरवली होती, तीही विसरलेली. आजोबांचे अक्षर त्यांना लागेना. वाचून देणारा माणूस शोधू म्हणून पत्र फडताळात ठेवले गेले आणि तेथेच राहिले. ते माझ्या मुंजीचे आमंत्रण होते. पुण्याहून कोणीही आले नाही. आजोबांनी ते मनाला लावून घेतले आणि दोन वर्षे दोन्ही घरांचा पत्रव्यवहार बंद राहिला. माझी ती चुलत बहीण आता सत्तरीत आहे. ते पत्र तिने अजून जपून ठेवले आहे. गेल्या दिवाळीत तिने ते मला दाखवले, आणि मलाही ते वाचता आले नाही.