बदलीनंतर सामान हलवायचा खर्च कोण देतं?

पोरगा मुंबईत पोस्टात लागला, प्रभादेवीला खोली केली, आता बदली गावाकडच्या जिल्ह्यात. टेम्पोचं भाडं सरकार देतं का?

केंद्राच्या 2017 च्या नियमांप्रमाणे प्रशासकीय बदली असेल तर मूळ वेतनाच्या 80 टक्के एकरकमी अनुदान, कुटुंबाचं प्रवासभाडं आणि सामानाच्या वाहतुकीचा खर्च मिळतो. लेव्हल 4 पर्यंत सामानाची मर्यादा 1500 किलो. प्रभादेवीहून दादर, अशी शहरातल्या शहरात बदली झाली तर खरोखर घर बदललं तरच अनुदान, तेही एक तृतीयांश.

खरी गोची पुढे आहे. बदली स्वतःच्या विनंतीवरून असेल तर यातलं काहीच मिळत नाही, आणि गावाकडे यायला पोरं अर्ज करतात तो विनंतीचाच. त्यामुळे आदेशात ‘जनहितार्थ’ लिहिलंय की ‘विनंतीवरून’, ते टेम्पो ठरवायच्या आधी वाचावं. बिल 60 दिवसांत द्यावं लागतं.