शर्करा, अतिरिक्त : स्वादुपिंड आणि रक्तशर्करेचे नियमन

निरोगी प्रौढ मनुष्याच्या साऱ्या रक्तात उपाशीपोटी मिळून जेमतेम 5 ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमचाभर, ग्लुकोज असते. आणि हे अल्प प्रमाण अहोरात्र स्थिर राखण्याचा कारभार मुख्यत्वे जठरामागे आडव्या वसलेल्या स्वादुपिंडाकडे आहे. पाउल लँगरहान्स याने 1869 मध्ये या ग्रंथीतील ज्या द्वीपकांचे वर्णन केले, त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन स्रवतात, आणि त्याच्या परवान्यावाचून स्नायूंत व मेदपेशींत ग्लुकोजला फारसा शिरकाव मिळत नाही.

दुर्ग जिल्ह्यातील भिलाई येथील पोलाद कारखान्यात रात्रपाळीच्या कामगाराने झोप आवरण्यासाठी दोन-दोन चमचे साखरेचा चहा पाच वेळा घेतला, तर सुमारे 40 ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलेली मर्यादा 2000 किलोकॅलरींच्या आहारास 50 ग्रॅमांहून कमी, शक्यतो 25 ग्रॅमांच्या आत, अशी आहे; शिवाय रात्री घेतलेली साखर शरीराला दिवसाइतकी पेलत नाही, आणि भाताचे ग्लुकोज या हिशेबात धरलेलेच नाही. पोळा-तीज या सणांना करतात त्या खुर्मी या गोड पदार्थातला गूळही बहुतांशी तीच साखर होय.

साखरेतील निम्मा अंश फ्रुक्टोज. तो गरजेहून अधिक झाला की यकृतात त्याचा मेद होतो, मेदाने भरलेले यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होऊन रक्तात ग्लुकोज सोडत राहते, आणि हे जादा ग्लुकोज आवरण्यासाठी बीटा पेशी वर्षानुवर्षे जादा राबतात. या काळात रक्ततपासणीचा आकडा निर्दोष दिसतो, हीच मोठी फसगत. कारण उपाशीपोटीचा आकडा दर डेसिलिटरला 126 मिलिग्रॅमवर जाऊन रोगाची नोंद होते, तोवर या पेशींची सुमारे निम्मी कार्यशक्ती गेलेली असते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखविल्याप्रमाणे दिसायला सडपातळ भारतीय देहातही मेदाचे प्रमाण बरेच असते. तेव्हा अंगकाठीवर विसंबणे धोक्याचे.

साखर खाल्ली म्हणून मधुमेह झाला, हे विधान मात्र अर्धसत्य आहे. आनुवंशिकता, वजन व बैठे काम यांचाही त्यात वाटा असतो. मुलांना बहुधा होणाऱ्या पहिल्या प्रकारात तर शरीराची प्रतिकारयंत्रणाच बीटा पेशींचा नाश करते, त्यामुळे गोडाधोडावरून आईबापांना दोष देणे हा निव्वळ अन्याय होय. दुसऱ्या प्रकारात आरंभीच्या वर्षांत वजन भरीव उतरले, तर यकृताचा व स्वादुपिंडाचा मेद ओसरून पुष्कळ रुग्णांत बीटा पेशी पुन्हा कामास लागतात, असे ब्रिटनमधील रॉय टेलर यांच्या संशोधनात आढळले. रोग जुना होत जाईल तशी ही शक्यता क्षीण होते.