पाटणचा मठ, ज्या आणि तुळईचें गणित

चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस सुमारें दहा मैलांवर, डोंगराच्या पायथ्याशीं, पाटण हें स्थळ आहे. तेथील भवानीच्या देवळांतील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ सालीं विद्वानांच्या नजरेस आणिला. पुढें कीलहॉर्न यांनीं तो संपादून छापिला. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर, व त्याचा पुत्र यादवराज सिंघणाचा मुख्य ज्योतिषी चांगदेव. त्या चांगदेवानें सिद्धांतशिरोमणि व भास्कराचे इतर ग्रंथ यांच्या अध्ययनासाठीं येथें मठ स्थापिला आणि निकुंभवंशीय सोइदेवानें त्यास इ. स. १२०७ मध्यें, श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वावर दान दिलें, असा त्याचा आशय आहे.

२०१४ सालीं भास्कराचार्यांच्या जन्मास नऊशें वर्षें झालीं. त्या सुमारापासून या लेखाच्या आधारावर दोन विधानें व्याख्यानांतून कानीं पडतात: भास्कराचार्य पाटणचेच, आणि आजचे स्थापत्यशास्त्री तुळया व पाट यांचा वांक ज्या ज्यांच्या श्रेढीनें काढितात ती श्रेढीहि त्यांचीच. यांपैकीं दुसरें विधान प्रस्तुत लेखकानें स्वतः वर्गांत अनेक वर्षें केलें आहे. तेव्हां त्याची छाननी करणें हें त्याचेंच कर्तव्य होय.

पहिल्या विधानाविषयीं थोडक्यांत इतकेंच कीं, शिलालेख नातवाच्या मठाचा पुरावा आहे, आजोबांच्या निवासाचा नव्हे. आचार्य आपलें गांव सह्याद्रीजवळचें विज्जडविड असें सांगतात. तें कोणी बीड मानितात, कोणी विजापूर, कोणी पाटण. केवळ या शिळेवरून निकाल देतां येत नाहीं.

आतां दुसरें. खानदेशांतील धाब्याचें घर वाचकांच्या परिचयाचें आहे. दोन भिंतींवर टेकलेल्या सागवानी तुळईवर मातीचा भार सर्वत्र सारखा पडतो व ती मध्यें किंचित् लवते. किती लवेल? ऑयलर व बेर्नूली यांच्या विचारसरणीनें असें ठरलें कीं, वांकाचा चढउतार चार वेळां क्रमानें काढिला असतां जें येतें तें भाराच्या प्रमाणांत असतें. फूर्ये या फ्रेंच गणितज्ञानें १८०७ सालीं विद्वत्सभेपुढें ठेविलेल्या व १८२२ सालीं ग्रंथरूपानें छापिलेल्या उष्णतेच्या विवेचनांत निराळीच युक्ति दिली: कोणत्याहि आकाराची राशि ज्यांच्या लहानमोठ्या लाटा एकत्र करून मांडावी. ज्येचा गुण असा कीं, चार वेळां चढउतार काढिला तरी ती पुन्हा ज्याच होते. म्हणून भाराची प्रत्येक लाट तुळईंत आपल्याच आकाराचा वांक उत्पन्न करिते. मात्र तुळईच्या लांबींत तीन अर्धलाटा मावत असल्या तर तुळई त्या लाटेस एक्याऐंशींपट ताठ लागते.

सम भार या रीतीनें फोडिला असतां विषम लाटाच उरतात व त्यांचीं मानें १, १/३, १/५ अशीं येतात. वांकांत तींच १, १/२४३, १/३१२५ होतात. म्हणून एकटें पहिलें पद घेतलें तरी मध्यावरील वांक खऱ्या मानाहून हजारांत चार भागांपेक्षांहि कमीच अधिक येतो; दुसरें पद वजा करितांच फरक दहा हजारांत तीनाच्या आसपास राहतो. चारी कडांनीं टेकलेल्या चौकोनी पाटासाठीं हीच युक्ति लांबी व रुंदी अशा दोन्ही दिशांनीं नाव्ह्ये यानें १८२० सालीं पॅरिसच्या विद्वत्सभेस सादर केली.

यांत भास्कराचार्यांचें काय? शके १०७२ मध्यें, म्हणजे इ. स. ११५० मध्यें, रचिलेल्या सिद्धांतशिरोमणींत त्यांनीं दोन चापांच्या बेरजेची ज्या काढण्याची रीति सांगितली. एक अंशाच्या ज्येस त्रिज्येचा १०/५७३ भाग घेऊन अंशाअंशाची सारणी रचिण्याचा मार्ग दाखविला. आणि ग्रहाच्या तात्कालिक गतीच्या विचारांत ज्येची वाढ कोटिज्येच्या प्रमाणांत होते हें ओळखिलें. वर सांगितलेल्या चार वेळांच्या क्रियेचें पहिलें पाऊल तें हेंच. परंतु तुळईचा प्रश्न त्यांनीं घेतला नाहीं, आणि मन मानेल तो आकार ज्यांच्या अनंत श्रेढीनें मांडावा हा विचारहि त्यांच्या ग्रंथांत नाहीं. ती श्रेढी फूर्येचीच होय.

उलट ज्या मात्र निःसंशय आमची, व ती भास्कराहूनहि जुनी, आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास तिची सारणी दिली. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तिचाच पर्याय जीवा अरबांकडे जीब झाला. तो जैब असा वाचला गेला, व बाराव्या शतकांत लॅटिनांत त्याचें सायनस असें भाषांतर झालें. आमचीं मुलें शाळेंत ‘साइन’ म्हणतात तें हेंच. येथें दुवा सांपडतो. श्रेढीच्या बाबतींत सांपडत नाहीं.

खऱ्या अभिमानास जागा नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. पाटणच्या लेखाचा शेवटचा भाग संस्कृतांत नसून त्या काळच्या देशी बोलींत, आपल्या मराठींत, आहे. पाटणच्या बाजारांत उघडणाऱ्या मालावर जी राजाची वसुली होई ती मठास दिल्याचें त्यांत म्हटलें आहे. खानदेशच्या बाजारांत गिऱ्हाइकानें दिलेल्या पैशावर गणिताचें अध्ययन चाललें, ही गोष्ट शिळेवर कोरलेली आहे. मठ आज नाहीं, आणि त्यांत तयार झालेल्या शिष्याचा एखादा ग्रंथ प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यांत नाहीं. नसलेली श्रेढी पूर्वजांच्या नांवें लिहिण्यापेक्षां तो अभ्यास कां खुंटला याचा शोध करणें हेंच त्या दानाचें खरें ऋण फेडणें होईल.