सेलचे दिवस आणि गाडगेबाबांचा प्रश्न

'फ्लिपकार्ट'चा पहिला 'बिग बिलियन डे' ६ ऑक्टोबर २०१४ रोजी झाला, दसऱ्यानंतर तीन दिवसांनी. वऱ्हाडात हे दिवस सोयाबीन घरात येण्याचे, कापसाची वेचणी सुरू होण्याचे. पैसा हाती येणार असतो, तेवढ्यात बाजार दारात येतो.

येणाऱ्या पैशाची ही भूल अमरावती-अकोल्याला जुनीच आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. युद्ध संपले, भाव उतरले. पण चढत्या भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज भावाबरोबर उतरत नाही.

पुढे १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी डेबूजी जानोरकर जन्मले. वडील दारूपायी लवकर गेले. डेबूजी मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे गावी मामाकडे वाढले. मामाची शेती सावकाराच्या घशात जाताना त्यांनी पाहिली. बारशाला दारू-मटणाचे जेवण द्यायची जातीची रीत होती. आपल्या घरच्या बारशाला त्यांनी ती मोडली आणि गोडाचे जेवण घातले. चारचौघांच्या नजरेला न भिता केलेला तो नकार होता.

१९०५मध्ये घर सोडलेले हेच डेबूजी पुढे गाडगेबाबा झाले. कर्ज काढून सण, लग्न, यात्रा करू नका, हे ते कीर्तनात सांगत. पण सांगण्यापेक्षा विचारत जास्त. साधा प्रश्न टाकायचा आणि उत्तर श्रोत्यांकडूनच मोठ्याने वदवून घ्यायचे, ही त्यांची पद्धत.

सेलची रचना याच्या नेमकी उलट आहे. उलटे धावणारे घड्याळ, 'दोनच नग शिल्लक', आधीच नोंदवलेले कार्ड. प्रश्नाला जागाच उरत नाही, आणि खरेदी एकट्याने, मध्यरात्री होते. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्येही प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी बहुधा लागतोच.

म्हणून 'मन आवरा' एवढे सांगून भागत नाही. वस्तू कार्टमध्ये राहू द्यावी, रात्र जाऊ द्यावी, आणि सकाळी घरात मोठ्याने बोलावे: काय घेतोय, कितीला, पैसे कुठले, न घेतल्यास काय अडेल?

गाडगेबाबा खर्चाच्या विरोधात नव्हते. लोकांच्या पैशातून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. लुगडे स्वस्तातले घ्या, पण पोरांना शिकवा, असा त्यांचा आग्रह होता. सेलमध्येही विचारायचे ते हेच: हा पैसा आधी कुणाच्या वाट्याचा होता?